एकाच ट्रकचे दोन हिशेब: जर्मनीत वनस्पती तेलावर धावलेली डिझेल इंजिने, २००५ ते २०१३

जर्मनीत १ जानेवारी २००५ पासून बारा टन आणि त्यावरच्या ट्रकांना महामार्गावर किलोमीटरच्या हिशेबाने टोल लागू झाला. डिझेलवरचा इंधन कर लिटरला ४७.०४ सेंट होताच. त्याच वेळी गावातल्या तेलघाण्यावर रेपसीडचे तेल मिळत होते. रेपसीड म्हणजे मोहरीच्या कुळातले, पिवळ्या फुलांचे पीक. हे तेल इंधन म्हणून टाकीत भरले तर कर शून्य. मालवाहतुकीच्या धंद्यात नफा सेंटासेंटाने मोजतात, तिथे ही सूट नजरेतून सुटणार नव्हती. तेलावर इंजिन चालवण्याचे किट बसवून देणारी गॅरेजे निघाली, लहान घाण्यांची संख्या पाचशेच्या पुढे गेली आणि २००७ मध्ये इंधन म्हणून जाळलेल्या शुद्ध वनस्पती तेलाचा आकडा साडेसात लाख टनांच्या आसपास पोचला. पुढच्याच वर्षी तो चार लाखांवर आला, २००९ मध्ये लाखावर, आणि २०१३ पासून नावापुरता उरला.

या सगळ्या काळात इंजिने तीच होती आणि तेलही तेच होते. डिझेल आणि तेल यांच्या भावांतला फरक तेवढा आटला. इथे एकच ट्रक धरून त्या फरकाचे वर्षावर्षाचे गणित मांडले आहे. ट्रक हिशेबापुरता कल्पिलेला आहे. कराचे दर प्रत्यक्षातले आहेत. भाव वार्षिक सरासरीचे आहेत, ते सेंट-दोन सेंट इकडेतिकडे धरावेत. देखभालीचे आणि किटचे आकडे त्या काळच्या सर्वसाधारण खर्चावर बेतलेले आहेत.

ट्रक आणि त्यावर चढवलेले सामान

ट्रक लांब पल्ल्याचा, धुराच्या युरो ३ मानकाचा, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पंप असलेला. वर्षाला १,२०,००० किलोमीटर, १०० किलोमीटरला ३३ लिटर, म्हणजे वर्षाला साधारण ३९,६०० लिटर इंधन. यातले ८० टक्के, म्हणजे सुमारे ३२,००० लिटर, तेलावर जाईल आणि उरलेले डिझेलवर. शंभर टक्के का नाही, ते किटच्या रचनेत दडले आहे.

अडचणीचे मूळ तेलाच्या घट्टपणात आहे. ४० अंशांना डिझेलची श्यानता, म्हणजे घट्टपणाचे माप, २ ते ४.५ असते, रेपसीड तेलाची ३५ च्या घरात. थंड तेल नोझलमधून नीट फवारले जात नाही, त्याचे थेंब मोठे पडतात, ते पुरते जळत नाहीत आणि नोझलच्या तोंडाशी, पिस्टनच्या रिंगांच्या खाचांत काजळी होऊन बसतात. उपाय एकच: पंपापर्यंत पोचताना तेल ७०-८० अंशांना असले पाहिजे. म्हणून दोन टाक्यांची पद्धत. इंजिन डिझेलवर चालू करायचे, रेडिएटरचे पाणी ७० अंशांवर गेले की सोलेनॉइड (विजेने वळणारा) व्हॉल्व्ह तेलाकडे वळवायचा, आणि इंजिन बंद करण्याआधी दोन-तीन मिनिटे पुन्हा डिझेलवर यायचे, म्हणजे पंपात आणि नोझलमध्ये थंड होणारे तेल उरत नाही. एका टाकीची पद्धतही होती. तिच्यात नोझल, ग्लो प्लग आणि उघडण्याचा दाब असे सगळेच बदलावे लागते. मोटारींवर ती जास्त दिसे, ट्रकवाल्यांनी बहुधा दोन टाक्याच पसंत केल्या.

किटमध्ये काय काय येते: तेलाची वेगळी टाकी आणि तिच्या उपशाच्या जागी गरम पाण्याची गुंडाळी, पाण्यावर चालणारा प्लेटचा हीट एक्स्चेंजर, गरम राहणारा मोठा फिल्टर, येणाऱ्या आणि परतणाऱ्या अशा दोन्ही लाइनींवर व्हॉल्व्ह, तापमानाचा सेन्सर आणि केबिनमध्ये स्विच. ओढणारी नळी आतून १० ते १२ मिलिमीटर तरी हवी. डिझेलची जुनी बारीक नळी तशीच ठेवली तर घट्ट तेल ओढताना पोकळी तयार होते, जोडांमधून हवा शिरते आणि चढावर ट्रक दम तोडतो. मिस्त्री मग पंप खोलतो, आणि पंपात काहीच नसते. फिल्टरनंतर वीतभर पारदर्शक नळी टाकून बुडबुडे पाहणे हा पहिला तपास. नळ्या तांब्याच्या नकोत, कारण तांब्याच्या संगतीने तेल लवकर चिकट होते. स्टील किंवा ॲल्युमिनियम चालते. साध्या रबराच्या नळ्या आणि सील फुगतात, त्यामुळे तिथे व्हिटॉन या तेल सोसणाऱ्या खास रबराचे लावावेत.

सगळ्यात जास्त घोळ परतीच्या लाइनीत होतो. बंद करण्याआधी डिझेलवर आलो की पंपातले उरलेले तेल परतीच्या नळीने कुठल्या तरी टाकीत जाणारच. परतीचा व्हॉल्व्ह आधी वळला तर ते तेल डिझेलच्या टाकीत पडते, आणि रोज थोडे थोडे करत महिनाभरात डिझेलच्या टाकीत दहा-पंधरा टक्के तेल जमा होते. कळते ते थंडीत, सकाळी, ट्रक चालू होत नाही तेव्हा. तपास सोपा आहे. डिझेलची घनता लिटरला ०.८३ किलो, तेलाची ०.९२. हायड्रोमीटरने टाकीतले इंधन मोजावे. आकडा एक शतांशाने चढला तर दहा टक्क्यांहून जास्त तेल मिसळले आहे असे समजावे. परतीचा व्हॉल्व्ह अर्धे-पाऊण मिनिट उशिरा वळेल असा टायमर लावला की रोग जातो.

इंजिनाची निवड हाही खर्चाचाच भाग आहे. सरळ रांगेतला पंप किंवा प्रत्येक सिलिंडरचा स्वतंत्र पंप तेल सोसतो, कारण त्याला वंगण इंजिन ऑइलचे मिळते. ज्या रोटरी पंपांना इंधनाचेच वंगण लागते त्यांतल्या काही जातींचा दांडा थंड, घट्ट तेलाने तुटतो. कॉमन रेल इंजिने (सगळ्या सिलिंडरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून इंधन देणारी) चालतात, पण चूक माफ करत नाहीत. आणि काजळीच्या फिल्टरची गाडी असेल, जी तो फिल्टर जाळून साफ करण्यासाठी सिलिंडरमध्ये उशिरा जादा इंधन सोडते, तर या वाटेला जाऊच नये. ते जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून इंजिन ऑइलमध्ये उतरले तरी पुढे गरमीने बरेचसे उडून जाते. वनस्पती तेल उडत नाही. ते साठतच राहते.

ट्रक न बिघडता लिटरमागे किती फरक लागतो

किट बसवून देणारे दाखवत ते पंपावरचे दोन भाव. डिझेल इतके, तेल इतके, उरलेले तुमचे. या दोन भावांच्या मध्ये चार खर्च बसतात, आणि निर्णय त्यांच्यावर अवलंबून आहे.

पहिला, उष्णता. रेपसीड तेलात किलोला साधारण ३७.५ मेगाज्यूल, डिझेलमध्ये ४२.५ ते ४३. तेल जड असल्याने लिटरमागे ही तूट बरीच भरून निघते, तरी ४ टक्के कमीच पडते. तेल ६० ते ९० सेंटांच्या दरम्यान असताना याचे सरासरी ३ सेंट धरा.

दुसरा, घाण्यापासून आपल्या आवारापर्यंत आणण्याचे भाडे, साठवणीची टाकी आणि तेलाची तपासणी. त्याचे ५ सेंट.

तिसरा, देखभाल. इंजिन ऑइल बदलण्याचे अंतर निम्मे करायचे: ६०,००० किलोमीटरऐवजी ३०,०००. म्हणजे वर्षाला दोन जादा बदल, दरवेळी जवळपास ४० लिटर ऑइल, फिल्टर आणि मजुरी. दोन्ही मिळून ७०० युरो. इंधनाचे जादा फिल्टर २५० युरो. ऑइलची प्रयोगशाळेतली तपासणी दर १५,००० किलोमीटरला, वर्षाचे ३०० युरो. नोझल आणि इंजेक्टर लवकर करावे लागतात, त्याची तरतूद ५०० युरो. बेरीज १,७५० युरो, लिटरमागे साडेपाच सेंट.

चौथा, किट. ५,००० युरो, चार वर्षांत फेडायचे. वर्षाला १,२५० युरो, लिटरमागे ४ सेंट.

एकूण साडेसतरा सेंट. करासह तेलाचा भाव डिझेलच्या व्हॅटविरहित भावापेक्षा साडेसतरा सेंटांनी कमी असेल तर बरोबरी. व्हॅट यात धरला नाही, कारण नोंदणीकृत वाहतूकदाराला तो परत मिळतो. किट आधीच बसवून झाले असेल तर त्याचे ४ सेंट सोडून द्यायचे, कारण ते पैसे गेले ते गेले. मग उंबरठा साडेतेरा सेंटांवर येतो. या दोन आकड्यांत गल्लत केली की पुढचे सगळे चुकते. नवीन माणसाने साडेसतरा पाहायचे, जुन्याने साडेतेरा.

वर्षे

२००५. पंपावर डिझेल १.०७ युरोच्या आसपास. तेव्हाचा १६ टक्के व्हॅट वजा केला की ९२ सेंट. रेपसीड तेल घाऊक बाजारात टनाला ५८० युरोच्या घरात, म्हणजे लिटरला ५३ सेंट, कर शून्य. फरक ३९ सेंट. किट सोडून इतर खर्च वजा केले तर साडेपंचवीस सेंट हातात, ३२,००० लिटरवर ८,१६० युरो. किटचे पैसे सात-आठ महिन्यांत वसूल. ज्यांनी या वर्षी उडी घेतली त्यांना वेडे म्हणणे चुकीचे होते.

२००६. डिझेल व्हॅटविना ९६-९७ सेंट, तेल ६३. फरक ३४, वर्षाची बचत साधारण ६,५०० युरो. याच वर्षी १ ऑगस्टला नवीन ऊर्जा कर कायदा लागू झाला. बायोडिझेलला, म्हणजे वनस्पती तेलावर रासायनिक प्रक्रिया करून बनवलेल्या इंधनाला, लगेच ९ सेंट कर बसला. शुद्ध वनस्पती तेलाला २००७ अखेरपर्यंत सूट राहिली, पण पुढचा जिना कायद्यातच छापला होता: २००८ मध्ये सुमारे १० सेंट, २००९ मध्ये १८, मग २६, ३३ आणि २०१२ मध्ये ४५. हे गुपित नव्हते. तरीही २००७ मध्ये किट बसवणाऱ्यांची कमतरता नव्हती, कारण पाहणारा आजचा फरक पाहत होता आणि फेड चार वर्षांची होती.

२००७. व्हॅट १९ टक्के झाला. डिझेल व्हॅटविना ९८, तेल ६८. फरक ३०, बचत ५,२८० युरो. इथवर आलेल्या जुन्या ट्रकने किट फेडून पंधरा हजार युरो कमावले आहेत.

२००८. खनिज तेल जुलैत पिंपाला १४७ डॉलरपर्यंत गेले, जर्मनीत डिझेलने दीड युरो गाठला. वरवर पाहता वनस्पती तेलाचे सोन्याचे दिवस. पण रेपसीड तेल त्याच्याही आधी चढले होते, टनाला हजार युरोच्या आसपास. वर्षाची सरासरी धरली तर तेल लिटरला ८९ सेंट, वर १० सेंट कर, म्हणजे ९९. डिझेलची सरासरी व्हॅटविना १.१२ युरो. फरक १३. जुना ट्रक बरोबरीच्या किंचित खाली, नवा ट्रक सरळ तोट्यात. वर्षाच्या शेवटी खनिज तेल ४० डॉलरखाली कोसळले आणि डिझेल तेलापेक्षा जास्त वेगाने उतरले.

२००९. डिझेल व्हॅटविना ९१, तेल ५७ अधिक कर १८, म्हणजे ७५. फरक १६. जुन्या ट्रकला अडीच सेंट, वर्षाला ८०० युरो. एवढ्यासाठी दोन टाक्या सांभाळायच्या आणि ड्रायव्हरला रोज स्विच आठवून दाबायला लावायचे, हे आमच्या मते करू नये. एक इंजेक्टर गेला की वर्षाची बचत संपते.

सरकारने जिना मध्येच थांबवला. डिसेंबर २००९ च्या कायद्याने २०१० ते २०१२ या तीन वर्षांसाठी कर १८.४६ सेंटांवर गोठवला आणि २०१३ पासून ४५.०३ सेंट ठरवला. त्याने धंदा वाचला नाही. २०१० मध्ये फरक १५ च्या आसपास, २०११ मध्ये तेल पुन्हा ९० सेंटांवर गेल्याने फरक १०. आणि २०१३ मध्ये तेल ७५ अधिक ४५, म्हणजे १.२० युरो, तर डिझेल व्हॅटविना १.१९. फरक उणे.

आता दोन ट्रक शेजारी ठेवा. पहिल्याने किट २००५ च्या सुरुवातीला बसवले, दुसऱ्याने २००७ च्या शेवटी. ट्रक, किट, तेल सारखे. पहिल्याने सगळे फेडून पंधरा हजार युरो बाजूला काढले. दुसऱ्याची पुढची चार वर्षे: उणे १६०, अधिक ८००, अधिक ४८०, उणे १,१२०. बेरीज शून्य, आणि किटचे ५,००० युरो गेले. मोठ्या वाहतूकदारांची अवस्था याहून वाईट, कारण ते डिझेल पंपावरच्या भावात घेतच नाहीत, टँकरने घेतात आणि काही सेंट स्वस्त घेतात. ते काही सेंट वरच्या प्रत्येक फरकातून वजा होतात.

तेल का चढले

करामुळे धंदा बुडाला, असा समज पसरला. कर हे अर्धेच कारण आहे. २००८ मध्ये कर दहा सेंट होता, पण २००५ च्या तुलनेत तेलाचा मूळ भावच छत्तीस सेंटांनी चढला होता.

१ जानेवारी २००७ पासून जर्मनीत तेल कंपन्यांवर कोटा आला: डिझेल विक्रीच्या ४.४ टक्के ऊर्जा जैवइंधनातून आली पाहिजे, नाही तर दंड. तो कोटा मुख्यतः बायोडिझेल मिसळून भरला जाई आणि तिथले बायोडिझेल मुख्यतः रेपसीड तेलाचे असे. म्हणजे ज्या घाण्याचे तेल ट्रकवाला स्वस्त म्हणून घेत होता, त्याच तेलाला आता असा गिऱ्हाईक आला ज्याला भाव परवडो न परवडो, घेणे भागच होते. डिझेल महागले की बायोडिझेलवाल्याला तेलाला जास्त भाव देता येतो, म्हणून वनस्पती तेलाच्या भावाला खनिज तेलाने खालून आधार मिळू लागला. ‘डिझेल महागले की आपली बचत वाढेल’ ही ट्रकवाल्याची अटकळ म्हणूनच फसली. दोन्ही भाव आता एका दोरीत बांधले गेले होते, आणि त्याच्या वाट्याला फक्त कर सूट उरली होती, जी कमी होत चालली होती.

खाणाऱ्यांची मागणी वेगळीच. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धाने सूर्यफूल तेल अडकले, इंडोनेशियाने एप्रिलअखेरपासून मेपर्यंत पाम तेलाची निर्यात रोखली आणि युरोपात रेपसीड तेल टनाला दोन हजार युरोंच्या वर गेले. कर सोडूनही लिटरला १.८४ युरो. त्या वसंतात डिझेलही दोन युरोंच्या वर होते, पण दुकानदार माणशी एक-दोन बाटल्याच देत होते. इंधन म्हणून तेल मागणे तेव्हा हास्यास्पद ठरले असते.

फरक आटला की इंजिन कुठे बिघडते

फरक चाळीस सेंट असताना माणूस तेल तपासून घेतो, ऑइल वेळेवर बदलतो. फरक दहावर आला की पहिली कात्री नेमकी या दोन ठिकाणी लागते.

इंधनाच्या रेपसीड तेलासाठी जर्मनीत २००६ मध्ये डीआयएन ५१६०५ हे मानक आधी प्राथमिक रूपात आले, २०१० मध्ये पक्के झाले. त्यातले पाहण्यासारखे आकडे: एकूण गाळ किलोला २४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, पाणी ७५० मिलिग्रॅमच्या आत, आम्लता २ च्या आत, ११० अंशांना ऑक्सिडेशनपुढे टिकण्याचा वेळ किमान ६ तास, आयोडीन मूल्य ९५ ते १२५, फॉस्फरस सुरुवातीला १२ मिलिग्रॅमपर्यंत चालत असे, पुढे ३ वर आणला, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम प्रत्येकी १. फॉस्फरसची ही कडक मर्यादा धुराड्यातल्या कॅटॅलिस्टसाठी, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या भागासाठी आहे. तो राखेने गुदमरतो, आणि एक कॅटॅलिस्ट बदलण्याच्या पैशात दोन वर्षांची बचत जाते. लहान घाण्यावर हे साधायचे तर बियाणे कोरडे आणि स्वच्छ हवे, घाणा तापू द्यायचा नाही, तेल फिल्टर प्रेसमधून काढून शेवटी १ ते ५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून न्यायचे. घाणा तापवला तर तेल जास्त सुटते, पण सोबत फॉस्फरसही उतरतो. तेल महाग झाले की घाणेवाल्यालाही मोह होतो.

दुसरा मोह म्हणजे रेपसीडऐवजी जे स्वस्त मिळेल ते. सोयाबीन तेलाचे आयोडीन मूल्य १२० ते १४०, सूर्यफुलाचे त्याच घरातले. हा आकडा जितका वर, तितके तेल गरमीत लवकर वाळते, रंगवाल्याच्या जवसाच्या तेलासारखे. पाम तेलाचे आयोडीन मूल्य चांगले, पण युरोपच्या हिवाळ्यात ते टाकीत थिजते.

आणि इंजिन ऑइल. न जळलेले तेल रिंगांवरून खाली उतरते, विशेषतः कमी लोडवर आणि उभ्या ट्रकचे इंजिन तासन्तास चालू ठेवल्यावर. सुरुवातीला ऑइल थोडे पातळ होते आणि पातळी चढते. यालाच ‘इंजिन ऑइल खात नाही’ म्हणून खूश होणारे लोक असतात. मग ऑइलमधला क्षार संपतो आणि काही दिवसांत सगळे घट्ट होऊन जाळीसारखा चिकट गोळा ऑइलच्या पंपाची चाळणी बंद करतो. ऑइलचा दाब पडल्याचा दिवा लागतो तोवर बेअरिंगे गेलेली असतात. ऑइलमध्ये तेलाचे प्रमाण दहा टक्क्यांच्या पुढे गेले की किलोमीटर न पाहता बदलावे. प्रयोगशाळा लांब असेल तर गरम ऑइलचा एक थेंब फिल्टर कागदावर टाकून रात्रभर ठेवावा. काळा ठिपका पसरून कडेला फिका होत गेला तर ठीक. मध्ये घट्ट काळे वर्तुळ आणि भोवती स्वच्छ पिवळी कड दिसली तर ऑइलने काजळी धरून ठेवणे सोडले आहे.

लांब पल्ल्याच्या ट्रकला हे सगळे सोसते, गावातल्या गावात फिरणाऱ्या टेंपोला नाही. दहा किलोमीटर जाऊन थांबणाऱ्या गाडीचे इंजिन तापेपर्यंत ती पोचलेली असते. तिला तेलावर यायला मिळतच नाही.

शेतकऱ्याचा ट्रॅक्टर

ट्रक सुटले, ट्रॅक्टर थोडे टिकले, कारण शेती आणि वनकामासाठी वनस्पती तेलावरची करमाफी चालू राहिली. २००१ ते २००५ या काळात सरकारी पैशाने शंभरावर ट्रॅक्टर रेपसीड तेलावर चालवून रॉस्टॉक विद्यापीठाने नोंदी ठेवल्या. त्यांतले निम्म्याहून अधिक ट्रॅक्टर किरकोळ तक्रारींवर निभावले, बाकीच्यांना मोठी दुरुस्ती लागली. एवढी जोखीम घ्यायची तर फरक घसघशीत हवा. तो नव्हता. शेतकऱ्याला डिझेलवरच्या ४७.०४ सेंटांपैकी २१.४८ सेंट परत मिळत असत. म्हणजे त्याला डिझेलचा कर प्रत्यक्षात २५.५६ सेंटच पडे, आणि करमाफीचा फायदा तेवढाच.

‘बी आपल्याच शेतातले, मग तेल फुकट’ हा हिशेबही टिकत नाही. तीन किलो बियांतून घाण्यावर एक किलो तेल आणि दोन किलो पेंड निघते. धरा, बियांचा भाव टनाला ४०० युरो आणि पेंडीचा २०० युरो. एक टन बियांतून ३३० किलो, म्हणजे ३६० लिटर तेल आणि ६६० किलो पेंड, तिचे १३२ युरो. तेल काढण्याचे आणि गाळण्याचे ६० युरो धरले तर तेल पडले ३२८ युरोला, लिटरला ९१ सेंट. बी विकून डिझेल घेतले तर काय पडते, हीच तुलना खरी. ज्याच्याकडे गुरे आहेत आणि पेंड विकत घ्यावी लागते त्यालाच हे जमले, कारण त्याला पेंडीचा भाव दुकानातला वाचतो, घाण्यावरचा नाही.

तळणीचे तेल

ताजे तेल महागल्यावर लोक तळलेल्या तेलाकडे वळले. ब्रिटनमध्ये ३० जून २००७ पासून वर्षाला २,५०० लिटरपर्यंत स्वतः वापरणाऱ्याला कर माफ आहे. पूर्वी हॉटेलवाले तळणीचे तेल उचलून नेण्याचे पैसे देत, पुढे ते विकू लागले. कारण २००९ च्या युरोपीय निर्देशानुसार टाकाऊ तेलाचे बायोडिझेल कोट्यात दुप्पट मोजता येऊ लागले. आज तिथे हे ‘टाकाऊ’ तेल बऱ्याचदा ताज्या पाम तेलाच्या भावाला जाऊन भिडते.

आपल्याकडेही हाच क्रम दिसतो. १ जुलै २०१८ पासून एकूण ध्रुवीय घटक २५ टक्क्यांपुढे गेलेले तेल तळणीला वापरायला बंदी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सरकारी तेल कंपन्यांनी शंभर शहरांत वापरलेल्या तेलाच्या बायोडिझेलची खरेदी जाहीर केली. दर पहिल्या वर्षी लिटरला ५१ रुपये, मग ५२.७० आणि ५४.५०. दर आधी ठरवून टाकला आणि त्यासाठी लागणाऱ्या वापरलेल्या तेलाचा भाव मोकळा सोडला, की अडचण कुठे येणार हे जर्मनीतल्या ट्रकवरून कळते. गोळा करणाऱ्याच्या पिंपात पाणी आणि चुरा जाऊन दहा-पंधरा टक्के घट असते, आणि शेजारचा हातगाडीवाला तेच तेल भजी तळायला जास्त पैशाने मागतो. ताज्या तेलाचा तर प्रश्नच नाही. २०२५ मध्ये मुंबईत डिझेल ९० रुपयांच्या आसपास होते आणि सोयाबीन तेल किरकोळीत १३० च्या वर. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे आयात शुल्क २७.५ टक्के झाले, मे २०२५ अखेर ते १६.५ वर आले, तरी हे अंतर मिटले नाही.

परत डिझेलवर येताना

जर्मनीत २००८ नंतर गॅरेजांत जास्त काम किट काढण्याचे आले. नुसता स्विच डिझेलवर ठेवून चालत नाही. तेलाची टाकी तळापासून उपसून काढावी. तळाशी पाणी आणि चिकट गाळ असतो, तो टाकीतच राहिला तर गंज धरतो. हीट एक्स्चेंजरच्या पाण्याच्या नळ्या काढून तोंडे बंद करावीत, कारण उभ्या राहिलेल्या एक्स्चेंजरमध्ये भोक पडले तर रेडिएटरचे पाणी इंधनात जाते. सोलेनॉइड व्हॉल्व्ह काढून मधली नळी सरळ जोडावी. चिकटलेला व्हॉल्व्ह अर्धा उघडा राहतो आणि हवा ओढतो. पहिल्या भरणीनंतर ५०० किलोमीटरला डिझेल फिल्टर बदलावा, आणि पुन्हा ३,००० ला, कारण नळ्यांच्या आत बसलेला थर डिझेल धुऊन आणते. इंजिन ऑइल लगेच बदलून १०,००० किलोमीटरला पुन्हा बदलावे. नोझल काढून फवारा तपासावा. व्हिटॉनचे सील काढायची गरज नाही, ते डिझेललाही चालतात.